पगार वेगळा, राजीनामा वेगळा

२०२५ च्या जुलैअखेरीस हिंजवडीत टीसीएसच्या सह्याद्री पार्क कार्यालयाबाहेर, फुटपाथवर, एक कर्मचारी झोपलेला दिसला. सोबत हातानं लिहिलेलं पत्र होतं : पगार मिळालेला नाही, जवळ पैसे नाहीत, म्हणून इथे राहायची वेळ आली. फोटो देशभर फिरला. कंपनीनं खुलासा केला की हा कर्मचारी विनापरवानगी गैरहजर होता, अशा वेळी नियमाप्रमाणे पगार थांबतो. तो परत आला असून पुन्हा रुजू करून घ्यावं अशी त्याची विनंती होती, आणि त्याच्या राहण्याची तात्पुरती सोय केली होती, असंही कंपनीनं तेव्हा सांगितलं. त्या प्रकरणातलं खरंखोटं ठरवायचा अधिकार माझा नाही. पण त्या फोटोनंतर आमच्या भागातल्या पोरापोरींशी बोलताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आला : असं केलं नाही तर पगार मिळतच नाही का?

ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पिंपरी, आकुर्डी, भोसरीचे जुने कारखाने, आणि पुढे तळेगाव, चाकण. त्यामुळे इथल्या एकाच सोसायटीत, कधी एकाच घरात, आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस आणि लॅपटॉपवर पोट भरणारी त्याची भाची, दोघंही सापडतात. पुढचं बोलणं अशाच दोघांचं आहे. दोघांची नावं आणि दोन्ही कंपन्या मुद्दाम गाळल्या आहेत. मामा मूळचे बार्शीकडचे, ऐंशीच्या दशकात भोसरीत आले, युनियनच्या कमिटीवर होते. भाची साठेक माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असा तीन महिन्यांचा पगार थकला आणि जानेवारीच्या एका शुक्रवारी एचआरचा व्हिडिओ कॉल आला : राजीनामा द्या, पंचेचाळीस दिवसांत फुल अँड फायनल करू, रिलीव्हिंग लेटर देऊ. नाही दिलात तर टर्मिनेट करावं लागेल.

भाची : सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत राजीनाम्याची मेल टाकायची आहे. मी टाकणार आहे, मामा. आधीच सांगते, युनियनचं भाषण सुरू करू नका.

मामा : नाही करत. कागद कुठेत तुझे?

भाची : कसले कागद?

मामा : नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट.

भाची : स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर होत्या. कॉल संपायच्या आत लॉगिन बंद केलं त्यांनी. ऑफर लेटर तेवढं माझ्या स्वतःच्या जीमेलवर आलेलं होतं, ते आहे. आणि स्टेटमेंट हे घ्या, फोनवर.

मामा : फोनवर नको, छापून आण. माझे डोळे राहू देत, पण समोर ठेवून बोट ठेवता आलं पाहिजे.

छापून आणलेलं स्टेटमेंट चार पानांचं निघालं. मामांनी पगाराच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. एप्रिल ते जून, पगार दर महिन्याच्या एक तारखेला. जुलैचा बारा ऑगस्टला. ऑगस्टचा एकोणीस सप्टेंबरला. सप्टेंबरचा तीन नोव्हेंबरला. पुढे काही नाही.

मामा : बघ. पगार आधी सरकतो, मग थकतो, मग बुडतो. भोसरीत आम्ही हेच पाहिलं. सरकायला लागला तेव्हाच सगळ्यांनी मिळून जायचं असतं.

भाची : कुणाकडे जायचं? सर स्वतः सांगत होते, अमेरिकेतल्या क्लायंटनं पैसे अडवलेत, दोन महिने कळ काढा. खोटं बोलत नव्हते ते. गाडी विकली त्यांनी.

मामा : विकली असेल. मी त्याला चोर म्हणत नाही. पण क्लायंटनं बुडवलं तर तो धंद्याचा तोटा, तो मालकानं सोसायचा. दोन वर्षांपूर्वी धंदा जोरात होता तेव्हा नफ्यातला वाटा तुला दिला होता का? नाही ना? मग तोट्यात तुझा वाटा कुठून आला? तुझा घरमालक थांबला का तीन महिने?

भाची : नाही थांबला. म्हणूनच म्हणते, मला पुढची नोकरी हवी आहे, हा वाद नको. तुमच्या काळात गेटवर सभा घेता यायची. आमच्याकडे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतं. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते : ही कशी गेली? त्यांनी नुसतं ‘टर्मिनेटेड’ म्हटलं की माझा निकाल लागला. नव्वद टक्के लोक हेच करतात, मामा. गप राजीनामा देतात, लेटर घेतात, पुढे जातात. त्यांना काही कळत नाही असं नाही.

या मुलीला भित्री म्हणणं सोपं आहे, आणि चूकही आहे. हिंजवडी-ताथवड्यातला तरुण कर्मचारी हा हिशेब रोज करतो : एक लाख चौदा हजार थकलेत, फ्लॅटचं भाडं चालू आहे, घरी पैसे पाठवायचे आहेत, बाजारात नोकऱ्या कमी आहेत, आणि चार ओळींच्या एका पत्रावर पुढची पाच वर्षं टांगलेली आहेत. मालकाची पकड पगारावर नसून त्या पत्रावर आहे. पगार थकवल्यावर तरी माणूस चिडून उभा राहायला हवा, पण तो राहत नाही, कारण त्याच क्षणी त्याला पत्राची आठवण करून दिली जाते.

मामा : पत्राचं मला कळतं. आमच्याकडेही सर्टिफिकेट लागायचं. पण तू मला हे सांग, तो म्हणतो राजीनामा दे मग पगार देतो. हे दोन्ही एकाला एक बांधलंय कुणी?

भाची : कंपनीची पॉलिसी आहे तशी. एक्झिट प्रोसेस.

मामा : पॉलिसी कायद्याच्या वर असते का?

भाची : कायद्यात काय आहे?

हा प्रश्न सरळ आहे, म्हणून त्याचं उत्तर मीच देतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली २०१९ ची वेतन संहिता या दोघांच्या भांडणाच्या मुळाशी जाते. आधीच्या १९३६ च्या वेतन कायद्याला पगाराची मर्यादा होती, २०१७ पासून ती महिना २४ हजार रुपये होती. त्यामुळे चाळीस हजारवाली टेस्टर त्या कायद्याच्या दारातच उभी राहू शकत नव्हती. नव्या संहितेत ती मर्यादा नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. आणि नोकरी संपली, मग ती काढून टाकल्यानं संपो, कपातीनं संपो की राजीनाम्यानं, तर देणं असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. पंचेचाळीस दिवसांची जी मुदत एचआरवाले इतक्या सहजपणे सांगतात, ती पगाराच्या बाबतीत संहितेत कुठेच नाही.

मामा : ऐकलंस? दोन दिवस. राजीनामा दिला तरी दोन दिवस, नाही दिला आणि त्यांनी काढलं तरी दोन दिवस. मग राजीनाम्याच्या बदल्यात तो तुला देतोय काय? तुझेच पैसे.

भाची : आणि लेटर.

मामा : आणि लेटर. म्हणजे तुझे पैसे आणि तुझं लेटर, या दोन गोष्टी दाखवून तो तुझ्याकडून तिसरी गोष्ट घेतोय. ती सही. ती सही झाली की तू स्वखुशीनं गेलीस. मग काढलं म्हणून उद्या कुठे तक्रार करायची सोयच राहत नाही.

भाची : मला तक्रार करायचीच नाहीये! तुम्ही हे लक्षातच घेत नाही. तुम्ही अकरा वर्षं कोर्टात गेलात, मला सगळं आठवतं. शहाण्णव साली तुम्हाला काढलं. आई सांगते, मामींनी तेव्हा चाळीत डबे सुरू केले. पहाटे चारला उठून तीस डबे. तुम्ही तारखांना जायचात आणि मामी चपात्या लाटायच्या. तुमचा लढा मामींनी लढला, मामा. तो जिंकल्यावर हार तुमच्या गळ्यात पडला.

मामा काही वेळ बोलले नाहीत. या प्रश्नाला चटकन उत्तर नाही, आणि कामगार चळवळीनं ते नीट दिलेलंही नाही. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक लांबलेल्या लढ्यामागे अशा डब्यांचा, शिवणकामाचा, माहेरून आणलेल्या धान्याचा हिशेब आहे. १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, ते चित्र पुण्यानं पाहिलं. त्या कामगारांच्या घरातली चूल त्या महिन्यात कशी पेटली, हे कुणी फारसं पाहिलं नाही. तो लढा मोडला गेला. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कामगारांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला, तोपर्यंत कामगार नोकरीच्या हक्कासाठी दारोदार आणि कोर्टात होते. शेकडो माणसं, मान्यताप्राप्त युनियन, वकील, सगळं असून तीन वर्षं. हे सगळं ठाऊक असताना साठ माणसांच्या कंपनीतल्या एकट्या मुलीला ‘लढ’ म्हणणं ही जबाबदारीची गोष्ट आहे.

मामा : खरं आहे तुझं. मामीला मी हे कधी म्हटलं नाही, पण खरं आहे. आणि जिंकून तरी काय? कोर्टानं दोन हजार सात साली कामावर घ्या म्हटलं, निम्म्या मागच्या पगारासह. तोवर शॉपमधल्या मशिनी भंगारात गेल्या होत्या. गेटला कुलूप. शेवटी काही रक्कम घेऊन मिटवलं. पण तुला एक सांगतो, जे मी कुणाला सांगत नाही. काढलं तेव्हा माझा दोन महिन्यांचा पगार आणि ओव्हरटाइम अडकला होता. मॅनेजरनं बोलावलं, म्हणाला, या व्हाउचरवर सही कर, पैसे घेऊन जा. व्हाउचरवर लिहिलेलं, ‘सर्व हिशेब पूर्ण, यापुढे कंपनीविरुद्ध कोणतीही मागणी नाही.’ मी सही केली नाही. बरोबर केलं. पण मग ते दोन महिन्यांचे पैसे मी वेगळे मागितलेच नाहीत. सगळं त्या एका केसमध्ये घातलं. नोकरीची केस अकरा वर्षं चालली, त्याच्यासोबत माझा कष्टाचा, हातातला पगारही अकरा वर्षं तुंबला. मामीच्या डब्यांची पहिल्या सहा महिन्यांची ओढाताण त्या पैशांत टळली असती.

भाची : वेगळे मागता आले असते?

मामा : आले असते. वेतन अधिकाऱ्याकडे साधा अर्ज. माझ्यासोबतच्या दोघांनी केला होता. त्यांना मिळाले.

मला या सगळ्या बोलण्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. मालक पगार, राजीनामा आणि पत्र या तिन्हींची एक गाठ मारतो. कायद्याच्या नजरेत त्या तीन सुट्या गोष्टी आहेत, त्यांची दारं वेगळी, मुदती वेगळ्या, जिंकण्याची शक्यता वेगळी. ज्यानं लढायचं ठरवलं तो तिन्ही एकत्र लढतो आणि दमतो. ज्यानं सोडायचं ठरवलं तो तिन्ही एकत्र सोडतो. मामा आणि भाची दोन टोकांना उभे आहेत, पण दोघंही मालकानं मारलेली गाठ तशीच धरून बोलत होते.

पगाराचं दार यातलं सर्वांत रुंद. वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, मिळाला नाही हे कर्मचाऱ्यानं सिद्ध करत बसायचं नाही. दावा ऐकणारा अधिकारी थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटींपर्यंत भरपाई लावू शकतो, आणि तीन महिन्यांत निर्णय देण्याचा प्रयत्न त्यानं करावा असं संहितेत लिहिलं आहे. प्रयत्न करावा हे शब्द मी मुद्दाम लिहितो, तारखा पडणारच. आदेशानंतरही मालकानं पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. इथे कर्मचारी ‘कामगार’ या व्याख्येत बसतो का, हा किचकट वादही येत नाही. मॅनेजर असो की हेल्पर, पगार हा पगार.

नोकरीचं दार अरुंद आहे. त्यासाठी आधी ‘कामगार’ ठरावं लागतं. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, महिना १८ हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षक बाहेर. नावापुढे ‘लीड’ लावलं म्हणून कुणी पर्यवेक्षक होत नाही, रोजचं मुख्य काम काय ते कोर्ट बघतं, पण ते दाखवायला वेळ जातो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे न देता शुक्रवारी कॉल करून सोमवारची मुदत देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. काढलं गेलं तर आधी समेट अधिकाऱ्याकडे, तिथे जमलं नाही तर पुढे न्यायाधिकरणात. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा मामांच्या पिढीनं भरपूर वापरला. त्याची तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते, आणि ते नव्वद दिवस ‘एचआर बघतो म्हणाले’ यात निघून गेलेली कितीतरी माणसं आहेत. बेकायदा काढलेल्याला परत घेताना मागचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात म्हटलं. तत्त्व भक्कम आहे. त्याच्यापर्यंत पोचायला घरात दुसरी कमाई लागते.

भाची : म्हणजे मी नोकरीसाठी लढले नाही तरी चालेल म्हणता?

मामा : मला विचारशील तर लढावं. माझं मत बदललेलं नाही. आज तू सोडलंस तर उद्या तो पुढच्या पोरीला दोन दिवसांचीही मुदत देणार नाही. पण जेवण तुझ्या ताटातलं जाणार, माझ्या नाही. म्हणून ते तू ठरव. पगार मात्र सोडायचा नाही.

भाची : आणि लेटर? पगाराचा दावा लावला तर ते लेटर अडवतील.

मामा : ते मला माहीत नाही. तूच सांग, लेटर नसेल तर तू तिथे होतीस हे दाखवायला काय आहे?

भाची : (थोडा विचार करून) पीएफ. यूएएनवर नोकरीचा इतिहास दिसतो. बँकेतला पगार. टीडीएस कापला असेल तर फॉर्म सव्वीस-एएस. ऑफर लेटर. खरं तर व्हेरिफिकेशनवाले हे पण मागतात. माझ्या मैत्रिणीनं लेटरशिवाय जॉइन केलं होतं, दोन महिने जास्त लागले तिला.

मामा : मग दोन महिन्यांच्या उशिराला तू एक लाख चौदा हजार आणि जन्माची सही देत होतीस.

भाची : सगळ्यांना जमत नाही ते दोन महिने.

मामा : नाही जमत. बरोबर.

पीएफचं पासबुक उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पगार उशिरा का होईना आला होता, त्यातून पीएफ कापला होता, पण पासबुकात जुलैनंतर एकही नोंद नाही. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं ही साधी दिरंगाई नसते, तो फौजदारी विश्वासघात ठरतो. त्याची तक्रार पीएफ कार्यालयाकडे, ती आकुर्डीला. पोलीस चौकीत जायचा सल्ला मित्र देतात, पण पगाराच्या तक्रारीला तिथे बहुतेक वेळा ‘लेबर ऑफिसला जा’ एवढंच उत्तर मिळतं, म्हणून मामांनी तो विषय वाढवला नाही.

मामा : आता तुमचे साठ जण. किती जणांचा थकलाय?

भाची : सगळ्यांचा. पण राजीनामा द्यायला सांगितलंय चौदा जणांना. बाकीचे गप्प आहेत. ग्रुपवर मी लिहिलं तर तिघांनी अंगठा दाखवला आणि दोघं ग्रुप सोडून गेले.

मामा : आमच्यातही पहिल्या मीटिंगला सातच जण होते.

भाची : तुमच्यात सात जण एकाच चाळीत राहायचे. माझ्या टीममधला एक नागपूरहून काम करतो, एक कोल्हापूरहून. मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. तुम्ही ज्याला एकी म्हणता ती कुठल्या गेटवर करू?

मामा : गेट नको. अर्ज एक करा.

इथे मामांच्या अनुभवाला कायद्याचा आधार आहे. वेतन संहितेत कितीही कर्मचाऱ्यांसाठी मिळून एकच दावा करता येतो. त्यासाठी नोंदणीकृत युनियन असावीच लागते असं नाही. एकटीचं नाव वर येण्याची जी भीती भाचीला वाटते, ती चौदा नावांत पुष्कळ कमी होते. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनाही आता आहेत. नाइट्ससारखी संघटना कामगार खात्याकडे अशा तक्रारी सातत्यानं नेते, आणि तिच्यामुळे बड्या कंपन्यांनाही खात्यापुढे उत्तरं द्यावी लागली आहेत.

मामांकडे आणखी एक पोरगा येऊन बसला होता, खालच्या मजल्यावर मित्रांसोबत राहणारा, लातूरकडचा. चाकणला ठेकेदाराकडून हेल्पर. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या नावानं दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्याचा ठेकेदार दोन महिन्यांचा पगार घेऊन गायब झाला होता आणि कंपनीचा सिक्युरिटीवाला त्याला गेटवरून परत पाठवत होता : तुझा आमचा संबंध नाही. संबंध आहे. ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ कंपनीनं तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. चाकणमध्ये ही एवढी गोष्ट कळली असती तर कितीतरी पोरं रिकाम्या हातानं गावाकडच्या गाडीत बसली नसती. त्या पोराकडे ना पत्र ना स्लिप. पण फोनमध्ये गेटपासचा फोटो होता, ईएसआयचा नंबर होता, आणि ठेकेदाराच्या मुकादमाचे ‘उद्या सेकंड शिफ्टला ये’ असे मेसेज होते. त्याला पुरावा म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

रात्री भाचीनं दोन मेल लिहिल्या. मामांचा आग्रह होता की त्या वेगवेगळ्या असाव्यात. पहिली पगाराची : कोणत्या महिन्याचे किती, जानेवारीच्या कामाच्या दिवसांचे किती, कापलेल्या पण न भरलेल्या पीएफचे किती, एकूण किती, आणि ते दोन कामाच्या दिवसांत जमा करावेत. विशेषणं नाहीत, राग नाही. दुसरी राजीनाम्याविषयी : शुक्रवारच्या कॉलवर मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं, मी तो स्वेच्छेनं देत नाही, कंपनीला माझी नोकरी संपवायची असल्यास तसं लेखी आणि कारणासह कळवावं. त्या कॉलची तारीख, वेळ आणि कोण कोण हजर होतं हेही त्यात घातलं.

भाची : दुसरी मेल मी पाठवीन की नाही, सांगता येत नाही. एका ठिकाणी इंटरव्ह्यूचा दुसरा राउंड आहे. तो झाला तर मी राजीनामा देईन.

मामा : दे. पण राजीनाम्यात ‘सर्व हिशेब मिळाला’ हे वाक्य घालू नकोस. आणि त्यांनी काही रक्कम दिली नि कागदावर सही मागितली, तर सहीच्या वर लिहायचं, ‘माझे इतर हक्क अबाधित ठेवून स्वीकारले.’ त्यांनी तो कागद फाडला तर फाडू दे, तू त्याचा फोटो काढून ठेव.

भाची : तुमचं म्हणणं अजूनही हेच ना, की मी पळून जातेय?

मामा : तू पळत नाहीयेस. पण तू गेलीस की ती खुर्ची स्वस्तात रिकामी झाली, हे मला सलतं. ते सलणारच.

भाची : मला नाही सलत. मला त्या खुर्चीवर परत बसायचंच नाही. मला माझे पैसे हवेत.

या दोघांचं इथे जमलं नाही, आणि जमायला हवं असंही मला वाटत नाही. मामांना नोकरी ही मिळवलेली जागा वाटते. भाचीला ती एक करार वाटते, मोडला की दुसरा. दोन वेगळ्या काळांनी त्यांना ते शिकवलं आहे. नोकरीसाठी लढायचं की नाही, हे ज्यांच्या ताटातलं जाणार आहे त्या घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि जो नाही म्हणेल त्याला कुणी भेकड म्हणू नये. पगाराबद्दल मात्र मी पूर्णपणे मामांच्या बाजूला आहे, कारण केलेल्या कामाचे पैसे मागायला कुठलीच विचारसरणी लागत नाही. आणि उशीर अंगाशी येतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तर घेणेकऱ्यांची रांग लागते. त्या रांगेत कामगारांच्या मागच्या २४ महिन्यांच्या देण्याला वरचं स्थान आहे, इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या देण्याला त्याखालचं, पण वाटायला काही उरलं असेल तर. मालकाच्या खात्यात पैसे आहेत तोवरचा दावा आणि नंतरचा दावा यांत फार फरक पडतो.

पुण्याचं कामगार आयुक्तालय वाकडेवाडीला आहे. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवावी. वकील पहिल्या दिवशी लागत नाही. कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता ऑफर लेटरवरून नीट उतरवून घ्यावा, पाटीवरचं नाव वेगळं असू शकतं. आणि आज नोकरी सुरळीत चालू असली तरी पगाराची प्रत्येक स्लिप महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवावी. लॉगिन बंद व्हायला एक कॉल पुरतो.

शेवटचं, हे वाचणाऱ्या पण अजून ज्यांचा पगार येतो आहे अशांसाठी. तुमच्या टीममधलं कुणी असं घरी बसलं असेल, तर त्या ग्रुपमधून बाहेर पडू नका. फोन करा. त्या महिन्यांत ती व्यक्ती तुमच्यासोबत काम करत होती, एवढं सांगायला कुणी बोलावलं, तर जा.